एल्डे बेट आणि ‘पेंग्विन’ हे नाव

आइसलंडच्या नैर्ऋत्य टोकापासून सुमारे १५ किलोमीटरांवर एल्डे हे निर्जन बेट आहे. नावाचा अर्थ अग्निद्वीप. ७७ मीटर उंचीच्या या खडकाच्या माथ्यावर गॅनेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. ‘ग्रेट ऑक’ या पक्ष्यास मात्र उडता येत नसे. त्याचे जवळचे आश्रयस्थान असलेले खडकाळ बेट १८३० मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात बुडाले. तेव्हा उरलेले थोडे पक्षी एल्डेच्या सखल कडेला आले. पक्षी दुर्मिळ झाला, तशी संग्राहकांची मागणी वाढली. त्यांच्यासाठीच जून १८४४ मध्ये येथील जोडपे मारण्यात आले. या जातीचे अंडे उबविणारे ते अखेरचे ज्ञात जोडपे होय. ‘पेंग्विन’ हे नाव मूळचे याच पक्ष्याचे. दक्षिण गोलार्धातील तत्सदृश पक्ष्यांना खलाशांनी ते पुढे दिले. शब्द राहिला, मूळ वाच्य नाहीसे झाले. अर्थांतराच्या अभ्यासकास म्हणून या बेटाचाही इतिहास पाहावा लागतो.