गुड फ्रायडेची सुट्टी: 'सार्वजनिक' आणि 'ऐच्छिक' यात फरक काय?

गुड फ्रायडे जवळ आला की सोशल मीडियावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, 'हॅपी गुड फ्रायडे'चे स्टेटस. दुसरी, 'उद्या बँक चालू आहे का?' हा प्रश्न.

पहिल्याबद्दल एवढंच, की येशू ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं त्या दिवसाची ही आठवण आहे. उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस. इथे 'हॅपी' शोभत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 1881 च्या एका कायद्यात सापडतं.

परक्राम्य संलेख अधिनियम हा खरं तर चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीचा कायदा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे, हे त्याचं कलम 25 सांगतं. त्यासाठी 'सार्वजनिक सुट्टी' कोणती, हे सरकारला अधिसूचना काढून जाहीर करावं लागतं. महाराष्ट्र सरकार दरवर्षी याच कलमाखाली यादी काढतं. त्यात गुड फ्रायडे आणि ख्रिसमस असतात. गोव्यात यांच्या जोडीला 3 डिसेंबर, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त. ईस्टर रविवारीच येतो, त्यामुळे तिथे वेगळ्या सुट्टीचा प्रश्न येत नाही.

ऐच्छिक सुट्टीचं गणित निराळं. केंद्रीय कर्मचाऱ्याला लांबलचक यादीतून वर्षाला दोन दिवस निवडता येतात. पण ऑफिस सुरूच राहतं. म्हणजे सण पाळायचा तर आपल्या वाट्याच्या दोन सुट्ट्यांपैकी एक खर्च करायची.

2019 मध्ये नेमका यावरूनच वाद झाला. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली या तेव्हाच्या दोन केंद्रशासित प्रदेशांच्या प्रशासनाने गुड फ्रायडे सार्वजनिक सुट्टीतून काढून ऐच्छिक यादीत टाकला. दमण-दीववर 1961 पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं. तिथला ख्रिस्ती समाज जुना आहे, पण संख्येने लहान. या प्रदेशांसाठी उच्च न्यायालय मुंबईचंच, त्यामुळे जनहित याचिका मुंबईत दाखल झाली. त्या वर्षी गुड फ्रायडे 19 एप्रिलला होता. त्याआधीच न्यायालयाने ही सुट्टी जाहीर करण्याचा आदेश प्रशासनाला दिला.

मग सणाची सुट्टी हा हक्क आहे का? नाही. 2022 मध्ये दादरा-नगर हवेलीचाच मुक्तिदिन, 2 ऑगस्ट, सार्वजनिक सुट्टी व्हावा म्हणून याचिका आली होती. सार्वजनिक सुट्टीचा मूलभूत अधिकार कोणालाही नाही, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. गुड फ्रायडेची बाजू कागदावर भक्कम आहे ती दुसऱ्या कारणाने: केंद्राने आपल्या कार्यालयांसाठी ठरवलेल्या 14 अनिवार्य सुट्ट्यांमध्ये तो आहे.