कोळंबीचे जाळे आणि समुद्री कासव : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
यांत्रिक मासेमारीच्या इतिहासात उत्पादनवाढीची नोंद सविस्तर आढळते. मात्र जाळ्यात नकळत सापडून मेलेल्या जीवांची नोंद अभावानेच आढळते. कोळंबीसाठी ट्रॉल जाळे समुद्रतळावरून ओढले जाते, तेव्हा लहान मासे, समुद्री साप व कासवेही त्यात येतात. कासव फुप्फुसांनी श्वसन करते. जाळे तासन्‌तास पाण्याखाली राहिल्यास ते गुदमरून मरते. या प्रश्नाकडे शासनाने व बाजारपेठेने कसे पाहिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ट्रॉलिंगचा विस्तार :
१९५२ च्या भारत-नॉर्वे करारानंतर केरळात यांत्रिक नौकांना चालना मिळाली. कोळंबीला परदेशात मागणी वाढली, तसे ट्रॉलिंग देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर पसरले. ओडिशातील गहिरमाथा येथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने अंडी घालतात, ही बाब १९७४ मध्ये शास्त्रीय जगासमोर आली. तथापि, कासवे किनाऱ्याजवळ जमण्याचा काळ हा मासेमारीचाही हंगाम होता. परिणामी मृत कासवे मोठ्या संख्येने किनाऱ्यास लागू लागली. १९९७ मध्ये गहिरमाथा सागरी अभयारण्य घोषित झाले.

व्यापार आणि कायदा :
अमेरिकेने १९८७ मध्ये आपल्या ट्रॉलरसाठी ‘टेड’ या साधनाचे नियम केले. जाळ्यात बसविलेल्या या तिरप्या जाळीतून कोळंबी मागे जाते व कासव वरच्या वा खालच्या झडपेतून सुटते. १९८९ च्या कायद्याने हीच अट आयात कोळंबीला लागू केली व १९९६ पासून ती सर्व देशांपर्यंत विस्तारली. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या अपील निर्णयात कासवरक्षणाचा हेतू वैध ठरला. परंतु अंमलबजावणी भेदभावाची असल्याचा ठपका ठेवण्यात आला. भारताचा व्यापारी आक्षेप मान्य झाला, तरी जाळ्यातील कासवाचा प्रश्न सुटला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे पुन्हा थांबविले.

मच्छीमाराचे स्थान :
या वादात देश व न्यायमंडळे बोलत होती. जाळे ओढणारा मच्छीमार क्वचितच ऐकला गेला. झडपेतून कोळंबीही निसटेल, ही त्याची भीती निराधार म्हणता येत नाही. या दृष्टीने महाराष्ट्र शासनाची २०१८ ची योजना उल्लेखनीय ठरते. जाळे कापून कासव, डॉल्फिन यांसारखे संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद तीत आहे.

निष्कर्ष :
अभयारण्य व आयातबंदी ही साधने आवश्यक असली तरी अपुरी आहेत. कासव वाचविण्याचा खर्च केवळ मच्छीमारावर लादल्यास नियम कागदावरच राहतो. तो समाजाने वाटून घेतल्यास समुद्रातही पाळला जाण्याची शक्यता वाढते, असे म्हणता येईल.