शेवटच्या रांगेत कोण बसणार?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर बहरीनचं खास दमट ऊन, आणि मी एका सात आसनी गाडीच्या शेवटच्या रांगेत गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलो. गाडी दाखवणारा मल्याळी गृहस्थ भला माणूस होता. म्हणाला, "सर, तुम्ही कशाला मागे बसताय? ती जागा मुलांसाठी आहे."

"म्हणूनच बसलोय," मी म्हटलं.

झालं होतं असं की आमच्या घरात तिसऱ्या अपत्याचं आगमन झालं आणि इतकी वर्षं इमानेइतबारे साथ देणारी सेडान एका रात्रीत लहान झाली. मागच्या सीटवर मुलांच्या दोन खुर्च्या बसवल्या की मधे उरते ती जेमतेम वीतभर जागा. त्यात दहा वर्षांची मुलगी बसणार कशी? आणि हिवाळ्यात आई तीन महिने येते, तिला डिकीत तर बसवता येत नाही! तेव्हा सात जणांची, खिशाला परवडणारी आणि उन्हात तग धरणारी गाडी हवी होती. शोधायला निघालो गाडी आणि जाऊन पडलो इतिहासात. इंजिनियर माणसाचं असंच होतं. असो.

सुरुवात आपल्याकडूनच करू. माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांची पहिली 'फॅमिली गाडी' दुचाकी होती. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना. १९६० च्या सुमारास इटलीच्या पियाज्जोशी करार करून बजाजने व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, तो करार संपल्यावर १९७२ साली 'चेतक' आली. राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव, पण त्या घोड्यावर एकटा राणा कधी बसला नाही. पुढे उभा थोरला, मग बाबा, मधे चेपलेला धाकटा आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई. नंबर लावला की स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं लागत. परकीय चलनात पैसे भरले की मात्र रांग टळायची. म्हणजे आखातात राबणाऱ्या मामाने पाठवलेल्या पैशांवर भाच्यांच्या घरी चेतक लवकर यायची. आखात आणि मराठी घराचं वाहन यांचं नातं हे असं जुनं आहे.

ज्यांना चारचाकी परवडे त्यांची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, पुढे तिचंच नाव 'पद्मिनी' झालं. गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग, आणि त्या बाकावर आईबाबांच्या मधे एक पोर हमखास. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मधे रस्त्यावरून उतरली तेव्हा लोकांनी गळे काढले. मलाही वाईट वाटलं. पण त्या बाकावर मधे बसलेल्या पोरासमोर काय होतं हे आठवून बघा. पट्टा नाही, काही नाही. समोर नुसता लोखंडी डॅशबोर्ड.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८४ साली मारुतीची व्हॅन आली, १९९४ साली पुण्याच्या टाटांनी सुमो आणली. (सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे बरं का, टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या आडनावाची आणि नावाची ती आद्याक्षरं!) सुमोने मोठी कुटुंबं लग्नाला, देवाला आणि गावाला नेली. पण मुलांची जागा कुठे? सगळ्यात मागे, समोरासमोरच्या आडव्या बाकांवर. वळण आलं की एका बाकावरची पोरं दुसऱ्या बाकावरच्यांच्या मांडीत. आम्हाला मजा वाटायची. धडक झाली तर सगळ्यात आधी चेपणारा भाग तोच, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली. पावसात एका स्कूटरवर चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असं ते सांगत. विचार सोन्यासारखा होता. पण लाखाच्या किमतीत बसवण्यासाठी जे जे गाळलं त्यात एअरबॅगही होत्या. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या, त्यात नॅनोसकट पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. २०१८ मधे नॅनोचं उत्पादन थांबलं. 'स्वस्त' आणि 'परवडणारं' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मी तिच्याकडून शिकलो.

आता बहरीन. हा देश आकाराने आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल इथे, जबल दुखान नावाच्या टेकडीपाशी, १९३२ साली लागलं. त्याआधी हा मोत्यांचा देश, आणि मोत्यांची बाजारपेठ आपली मुंबई. इथलं टपाल ऑफिस १८८४ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने उघडलं आणि १९६५ मधे दिनार येईपर्यंत व्यवहारात रुपयाच चाले. त्या ब्रिटिश-हिंदी वळणाला धरून गाड्याही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत.

नोव्हेंबर १९६७ मधे बहरीनने बाजू बदलली. (त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडननेही बदलली होती.) शेजारचा सौदी अरेबिया उजवीकडून गाडी हाकणारा, त्याच्याशी जुळवून घेणं शहाणपणाचं होतं. पुढे २५ नोव्हेंबर १९८६ रोजी दोन देशांना जोडणारा सुमारे २५ किलोमीटरचा किंग फहद कॉजवे सुरू झाला, तेव्हा या निर्णयाचं मोल कळलं. बाजू बदलली नसती तर समुद्राच्या मधोमध, सीमेवरच्या बेटावर, काय गोंधळ उडाला असता, विचार करा!

हा एवढा जुना निर्णय माझ्या बजेटमधे कसा आला, ते सांगतो. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे इथली गाडी भारतात न्यायचा प्रश्नच नाही. इथे आलेला माणूस कधी ना कधी परत जाणार, आणि जाताना गाडी इथेच विकणार. त्यामुळे इथे गाडी घेतानाच ती विकण्याचा विचार करावा लागतो. शोरूममधली किंमत अर्धीच खरी. नोकरी गेली आणि महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागला तर ही गाडी किती दिवसांत आणि कितीला जाईल, हा उरलेला अर्धा हिशोब. आपल्याकडे गाडी म्हणजे घरातलं माणूस, दसऱ्याला तिला हार घालतात. इथे हार घालतोच, पण मनात तिची विक्रीची किंमतही असते.

आता सात आसनांची भानगड. अमेरिकेत मोठी कुटुंबं पूर्वी लांबलचक स्टेशन वॅगनमधून फिरत. १९७३ च्या तेलसंकटाने त्या गाड्यांचं पोट परवडेना. तोट्यात बुडालेल्या क्रायस्लर कंपनीने, ली आयाकोका आणि हॅल स्पर्लिक यांच्या आग्रहाने, १९८३ च्या नोव्हेंबरात मिनिव्हॅन बनवायला घेतली. कल्पना साधी होती. गाडी मोटारीसारखी चालवता यावी, घराच्या गॅरेजात मावावी, जमीन खाली असावी म्हणजे पोरांना चढता यावं, आणि सरकता दरवाजा असावा. त्या गाडीने कंपनी तारली. पुढच्याच वर्षी फ्रान्समधे रेनोची एस्पास आली.

पूर्वेकडचा रस्ता वेगळा होता. इंडोनेशियात टोयोटाने १९७७ साली 'किजांग' नावाचा अगदी साधा, डब्यासारखा मालवाहू ट्रक आणला. किजांग म्हणजे हरीण. लोकांनी काय केलं, तर स्थानिक कारखान्यांत नेऊन त्यावर बंद डबा बसवला, बाकं टाकली आणि घरची माणसं भरली. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या वडापवाल्यांना हे वेगळं शिकवायला नको! कंपनीने ते पाहून पुढे स्वतःच प्रवासी किजांग बनवायला घेतली. तिचीच एक पिढी भारतात २००० साली 'क्वालिस' म्हणून आली, पुढची २००५ साली 'इनोव्हा' म्हणून. २००३ च्या अखेरीस इंडोनेशियातच आलेली धाकटी अवांझा पुढे आखातातही विकली गेली. म्हणजे बाजारात माझ्यासमोर दोन घराणी उभी होती. एक अमेरिकन आईच्या सोयीसाठी काढलेलं, दुसरं मालवाहू ट्रकपासून निपजलेलं.

मन अर्थातच अमेरिकन घराण्याकडे ओढ घेत होतं. तशी संधीही चालून आली. चार वर्षं जुनी, ऐसपैस मिनिव्हॅन, दोन्ही बाजूंना आपोआप सरकणारे दरवाजे, आणि किंमत लहान जपानी गाडीपेक्षा कमी! मी विसार द्यायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, "इतकी स्वस्त का आहे, ते आधी विचार." विचारलं. उत्तर मिळालं, "अमेरिकन स्पेक आहे, म्हणून."

इथे गाड्यांच्या दोन जाती मानतात. आखातासाठी बनवलेली 'जीसीसी स्पेक', तिला इथल्या उन्हाच्या हिशोबाने रेडिएटर, एसी वगैरे दिलेलं असतं. दुसरी बाहेरून आणलेली. बाहेरून आणलेल्या सगळ्याच वाईट नसतात, पण अमेरिकेत अपघातात सापडलेल्या, विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात घेऊन, ठोकूनठाकून, रंगवून आखातात विकण्याचा धंदाही मोठा आहे. मी गाडी सलमाबादच्या एका गॅरेजात घेऊन गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने चेसिस नंबरवरून अमेरिकेतला इतिहास काढायला सांगितला आणि तोवर मागच्या बाजूचं छताचं अस्तर हळूच सोडवलं. मला बोलावून आत बॅटरी मारली. जिथे मागच्या मुलांच्या डोक्याशेजारी उघडणारा पडद्यासारखा एअरबॅग असायला हवा, तिथे नुसती पोकळी होती. गाडी एकदा बाजूने ठोकली गेली होती, तेव्हा तो फुटला आणि नवा कुणी बसवलाच नाही. अस्तर मात्र कोरं करकरीत.

मिस्त्री म्हणाला, "साब, पुढच्या सीटवाला गाडी विकत घेतो, म्हणून पुढचं सगळं नीट करतात. मागे कोण बघतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. चेतकवर पुढे उभा असलेला थोरला, फियाटच्या बाकावरचं मधलं पोर, सुमोच्या आडव्या बाकावरची आम्ही भावंडं... सगळे डोळ्यासमोरून गेले. गाडीचा इतिहास आपण इंजिनांचा आणि किमतींचा लिहितो. पण पोराला कुठे बसवलं, असाही तो लिहिता येईल. काटकसर करायची वेळ आली की ती नेमकी तिथेच झालेली दिसते. व्होल्व्होच्या निल्स बोलिनने तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा १९५९ साली केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मुलांची खुर्ची गाडीच्या सांगाड्याला थेट अडकवायच्या आयसोफिक्सचं आंतरराष्ट्रीय मानक मात्र १९९९ चं. मधे चाळीस वर्षं गेली!

तेव्हापासून मी गाडी बघायला गेलो की आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. आमची परीक्षा साधी होती. भर दुपारी, एसी लावून दहा मिनिटं. तिथपर्यंत गार हवा येते का? छताला वेगळा ब्लोअर आहे का? तिथल्या पट्ट्याला खांद्यावरचा फाटा आहे का, की नुसता कमरेचा? डोकं आणि मागची काच यांत किती अंतर आहे? मधल्या रांगेत आयसोफिक्सच्या कड्या किती? आणि तिसरी रांग उघडल्यावर भाजीच्या पिशव्या ठेवायला काही उरतं का? (उरत नाही. लहान सात आसनी गाडीत एक तर माणसं किंवा पिशव्या. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.)

पेट्रोलचाही हिशोब होताच. मी आलो तेव्हा साधं पेट्रोल लिटरला ८० फिल्स होतं, कुणी विचारही करत नसे. जानेवारी २०१६ मधे ते १२५ झालं, २०१८ मधे १४०. त्यात २०१९ साली ५ टक्के व्हॅट आला, २०२२ मधे तो १० टक्के झाला. मोठ्या इंजिनाची चैन आमच्यासारख्यांना मग जडच जाऊ लागली.

शेवटी गाडी मिळाली ती ओळखीतून. एक तमिळ कुटुंब कायमचं परत चाललं होतं. पाच वर्षांची, लहान इंजिनाची, ट्रकवंशाची, जीसीसी स्पेक, एकाच मालकाची. छताला ब्लोअर, सातही जागांना पूर्ण पट्टे. सलमाबादच्या मिस्त्रीने यावेळी अस्तर सोडवलं आणि नुसती मान हलवली. किमतीवरून घासाघीस करायची मला लाज वाटली. विमानाची तिकिटं काढून बसलेल्या माणसाशी कसली घासाघीस? उद्या त्याच्या जागी मी असेन.

किल्ली देताना त्यांचा मुलगा मागची काच बघत उभा होता. तिथे त्याने चिकटवलेली फुलपाखरं होती. "काढू का?" त्याच्या वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, "राहू द्या."

आता दोन्ही धाकटे मधल्या रांगेत कड्यांना अडकवलेले असतात आणि त्यांच्याशेजारची खिडकी आजीसाठी राखून ठेवली आहे. तिसऱ्या रांगेत मुलगी पट्टा लावून, पुस्तक घेऊन बसते. ती जागा तिने स्वतःच मागून घेतली. मी अजूनही अधूनमधून गाडी सुरू करण्याआधी मागे वळून विचारतो, "हवा येते का गं तिथे?"

"येते हो बाबा," ती वैतागून म्हणते, "चला आता!"