नोकरीच्या अर्जाला उत्तरच येत नाही? मग हे करा

अर्ज पाठवून आठवडा उलटला, तरी उत्तर नाही? लगेच नकार आला असं समजू नका. अनेक मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. म्हणून जाहिरातीतली जी कौशल्यं तुमच्याकडे आहेत, ती त्याच शब्दांत बायोडेटात लिहा. सात ते दहा दिवसांनी एचआरला चार ओळींचा मेल करा. त्यात पद, अर्जाची तारीख आणि एकच प्रश्न असू द्या: निवड प्रक्रिया कुठवर आली? आठवड्याने आणखी एकदा विचारा, मग पुढे चला.

खासगी कंपनीला उत्तर देणं कायद्याने बंधनकारक नाही. सरकारी भरतीत मात्र माहिती अधिकार कायदा, २००५ कामी येतो. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.