सगळ्यांना 'क्लिअर' समजलेला व्हिडिओ



गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, पेटची तयारी करता करता यूट्यूब चॅनल सुरू केलं तर चालेल का?" माइक कोणता घ्यायचा, लाइट कुठे लावायचा, थंबनेल कसं करायचं, याची उत्तरं तुम्हाला कुठेही मिळतील. मी आज या प्रश्नाकडे इतिहासातून बघणार आहे. यात माझाही एकदा हात पोळलाय, ते शेवटाकडे सांगते.

सुरुवात यूट्यूबच्या आधीपासून करू. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. सिनेमा काढायचा होता, पण पैसे नव्हते, आणि 'हा माणूस पडद्यावर चित्र हलवून दाखवू शकतो' यावर सावकारांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून अधिक काळ ते थोड्या थोड्या वेळाने चित्रण करत राहिले. त्यातून मिनिटभराची फिल्म तयार झाली: दाणा रुजतो, कोंब वर येतो, वेल होते. 'अंकुराची वाढ'. ती पाहून त्यांना भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

ही गोष्ट सांगताना बरेच जण म्हणतात की फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे. जरा हिशोब करून बघा. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरला तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. तीस दिवसांत त्या जमवायच्या तर रोज ३२ घ्याव्या लागतील. रोज एकच घेतली असती तर फिल्म दोन सेकंदांत संपली असती. म्हणजे एकतर 'रोज एक' चुकीचं आहे किंवा 'मिनिटभर' चुकीचं आहे, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. साहित्याचा आढावा लिहायला बसाल तेव्हा ही सवय लावून घ्या: दहा ठिकाणी छापलेलं वाक्यसुद्धा आधी गुणाकार करून बघायचं.

आता एकदम २००५. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला यूट्यूबचं डोमेन नोंदवलं गेलं आणि २३ एप्रिलला पहिला व्हिडिओ चढला. १९ सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा लांब असतात एवढंच सांगतो. पहिला व्हिडिओ कसा असावा या काळजीने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी तो जरूर बघावा. आणखी एक गंमत म्हणजे कंपनी वर येत असताना हा माणूस स्टॅनफर्डला कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, गूगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात सलमान खान (आपला भाईजान नव्हे, खान अकॅडमीवाला) यूट्यूबवर आला. तो बॉस्टनमध्ये एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करत होता. नात्यातल्या एका लहान बहिणीला गणितात एककांचं रूपांतर जमत नव्हतं, म्हणून २००४ पासून तो तिला लांबून, फोन आणि इंटरनेटवर शिकवायचा. हळूहळू बाकीची भावंडंही येऊ लागली, वेळ पुरेना, म्हणून मग व्हिडिओ. पेन टॅबलेट, स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर, काळी पाटी आणि आवाज. चेहरा नाही. भावंडांनी त्याला सांगितलं की तू प्रत्यक्षात शिकवतोस त्यापेक्षा व्हिडिओतलाच बरा आहेस! थांबवता येतो, पुन्हा लावता येतो, आणि 'अजून कळलं नाही?' असं कुणी विचारत नाही.

'शैक्षणिक व्हिडिओ दहा मिनिटांचाच असावा' असा जो नियम लोक सांगतात, त्याची एक मुळी इथे सापडते. त्या काळी यूट्यूबवर साध्या खात्याला दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकताच येत नव्हता. २००६ मध्ये ही मर्यादा आली ती लोक अख्खे सिनेमे आणि मालिका चढवत होते म्हणून, विद्यार्थ्यांचं लक्ष किती वेळ टिकतं याचा अभ्यास करून नव्हे. कारण विसरलं गेलं आणि आकडा तेवढा राहिला. तुमच्या लॅबमध्येही असे आकडे असतील. 'हे द्रावण वीस मिनिटंच ढवळायचं' असं पाच बॅचेस सांगत आल्या आहेत आणि का ते कुणालाच ठाऊक नाही.

२००८ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात ब्रेडी हारन या व्हिडिओ पत्रकाराने रसायनशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन पोलिअकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घेऊन आवर्तसारणीतल्या ११८ मूलद्रव्यांवर एकेक व्हिडिओ केला. पिंजारलेले पांढरे केस असलेले ते सर तुम्ही पाहिले असतीलच. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मला थांबायचंय ते त्याच वर्षी सिडनीत पूर्ण झालेल्या एका पीएचडीवर.

डेरेक म्युलर. आज 'व्हेरिटॅसियम' म्हणून तुम्ही त्याला ओळखता. चॅनल सुरू झालं जानेवारी २०११ मध्ये, पण त्याआधी त्याने सिडनी विद्यापीठात एका प्रश्नावर प्रबंध लिहिला होता: भौतिकशास्त्राचा व्हिडिओ बघून विद्यार्थी खरंच शिकतात का? चॅनल काढायच्या आधी चॅनलवर पीएचडी, असंच म्हणा ना.

त्याने आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग नीट समजून घ्या, प्रयोगाची आखणी शिकण्यासारखी आहे. पहिल्या वर्षाचे ३६४ विद्यार्थी. विषय न्यूटनचा पहिला आणि दुसरा नियम. चिठ्ठ्या टाकल्यासारखं, यादृच्छिक पद्धतीने, त्यांना चार गटांत विभागलं. पहिल्या गटाला सरळ, सुटसुटीत व्याख्यान. तिसऱ्याला तेच व्याख्यान, पण त्यात लोकांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती सांगून त्या खोडलेल्या. चौथ्याला तोच मजकूर संवादाच्या रूपात: एक विद्यार्थी चुकीचं बोलतो, शिक्षक त्याच्याशी वाद घालतो. आधी चाचणी, नंतर तीच चाचणी.

मग दुसरा गट कशासाठी? इथे थांबा आणि स्वतः विचार करा, मुलाखतीत असं विचारतात. गैरसमज घातले की व्हिडिओ लांबतो. उद्या कुणी म्हणेल, विद्यार्थी जास्त शिकले कारण त्यांनी जास्त वेळ बघितलं. हा आक्षेप आधीच बंद करायला दुसऱ्या गटाला व्याख्यान अधिक काही रंजक माहिती असा लांबवलेला व्हिडिओ दिला.

निकाल असा लागला. सगळ्यात जास्त फायदा संवादवाल्या गटाचा झाला. साध्या व्याख्यानाशी तुलना करता परिणामाचं मान ०.८३, म्हणजे दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या चार-पंचमांशाहून थोडा जास्त. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढा फरक सहज मिळत नाही. लांबवलेल्या व्याख्यानाचा मात्र साध्या व्याख्यानापेक्षा काहीही जास्त फायदा दिसला नाही.

पण मला अस्वस्थ केलं ते मुलाखतींनी. व्याख्यान बघितलेले विद्यार्थी म्हणत होते, छान होतं, स्पष्ट होतं, सोपं होतं. आणि चाचणीत जवळजवळ होते तिथेच. काहींना तर वाटलं की व्हिडिओत आपल्याच मनातलं सांगितलंय, आणि मनातलं तर चुकीचं होतं! उलट गैरसमजांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना डोक्याला ताण द्यावा लागला, थोडा गोंधळ वाटला, आणि शिकले तेच.

आता माझी गोष्ट. एम.एस्सी. संपल्यावर, हॉस्टेलच्या खोलीत पंखा बंद करून, पुस्तकांच्या थप्पीवर मोबाईल टेकवून मी एक व्हिडिओ केला होता. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, तो वर जात असताना त्यावर कोणकोणती बलं असतात? हवेचा विरोध सोडला तर एकच, गुरुत्वाकर्षणाचं, खालच्या दिशेने. आठ मिनिटं, नेटकी आकृती, चांगला आवाज. कॉमेंट्स बघून मी हरखून गेले. 'मॅम खूप क्लिअर', 'एकदम सोपं करून सांगितलं'.

काही आठवड्यांनी मी प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून उभी होते. एक मुलगा आला, म्हणाला, "मॅम, तुमचा व्हिडिओ दोनदा बघितला, मस्त आहे." मी सहज त्याच्या जर्नलच्या मागच्या पानावर चेंडू काढला आणि म्हटलं, बाण दाखव. त्याने खाली एक बाण काढला, आणि वर एक मोठा बाण. "हा हाताने दिलेला फोर्स. तो संपत जातो, मग चेंडू वळतो. तुम्ही तेच सांगितलंय ना?"

मी त्याला काही बोलू शकले नाही. त्या आठ मिनिटांत मी वरचा बाण काढलाच नव्हता. पण तो बाण नसतो, हे वाक्यही एकदाही उच्चारलं नव्हतं. बरोबर काय ते सांगितलं की चूक आपोआप पुसली जाते, असं मी धरून चालले होते. म्युलरचा पेपर मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचला. खरं तर व्हिडिओ करण्याआधी वाचायला हवा होता.

तर प्रश्नाचं उत्तर: हो, चॅनल सुरू करा. पण पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी पाच ज्युनिअर पकडा. तुमच्या विषयावरचा एक प्रश्न द्या आणि त्यांचं उत्तर आहे तसं, न सुधारता वहीत उतरवून घ्या. तुमच्या स्क्रिप्टचं पहिलं पान तिथेच तयार होतं. व्हिडिओ दाखवल्यावर तोच प्रश्न पुन्हा द्या. पाच जणांत काही सिद्ध होत नाही, ते मलाही माहीत आहे, पण वरचा बाण पाचांतही दिसतो. व्ह्यूज आणि लाइक्स ही चाचणी नव्हे. आणि गाइडना आधी सांगून ठेवा. नंतर त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर अवघड होतं, अनुभवाने सांगतेय.

तो जुना व्हिडिओ मी काढून टाकला नाही. खाली नवा जोडला, त्यात माझी रूममेट हट्टाने वरचा बाण काढते आणि आम्ही अकरा मिनिटं भांडतो. जुन्याच्या निम्मेसुद्धा लोक तो बघत नाहीत. पहिली कॉमेंट होती, 'मॅम, आधीचा जास्त क्लिअर होता.'