आद्य ख्रिस्ती मंडळीतील प्रभुभोजन

प्रभुभोजन हा ख्रिस्ती धर्मातील प्रमुख विधी आहे. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षारस यांचे सामूहिक सेवन या विधीत केले जाते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये त्याला प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात. कॅथलिक परंपरेत तो मिस्साचा केंद्रभाग असून मूळ ग्रीक शब्दावरून त्यास युखारिस्त, म्हणजे 'उपकारस्तुती', असेही नाव आहे. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक या भोजनासाठी केव्हा, कोठे व कशासाठी जमत असत, याची माहिती नव्या करारातील लेखनातून, आद्य धर्माचार्यांच्या ग्रंथांतून आणि रोमन अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारातून मिळते. निरनिराळ्या स्तरांतील माणसांनी एका पंक्तीस बसावे की नाही, हा प्रश्न या विधीशी आरंभापासून जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांपुढे तो जातिभेदाच्या रूपाने उभा राहिला.

उगम

मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडण सणाचे भोजन होते. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशूचा वधस्तंभावरील मृत्यू वल्हांडणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी झाल्याचे दिसते. वल्हांडण हा इजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेचा यहुदी सण असून त्यात बेखमीर भाकर खाल्ली जाते. येशूने भाकर मोडून व प्याला देऊन आपल्या मृत्यूचा अर्थ शिष्यांना सांगितला आणि आपल्या स्मरणार्थ असे करीत राहण्याची आज्ञा दिली, अशी परंपरा आहे. या प्रसंगाचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त शुभवर्तमानांतील नसून पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आहे. हे पत्र साधारणपणे इ.स. ५३ ते ५५ या काळातील मानले जाते.

जमण्याची वेळ

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात यरुशलेममधील पहिले विश्वासणारे घरोघरी भाकर मोडीत असल्याचे सांगितले आहे. त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील मंडळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी रात्री माडीवर जमल्याचा उल्लेख येतो. यहुदी गणनेत दिवस सूर्यास्तापासून सुरू होत असल्यामुळे ही शनिवारची रात्र होती की रविवारची, याविषयी मतभेद आहेत. आठवड्याचा पहिला दिवस निवडण्याचे कारण येशूचे पुनरुत्थान त्या दिवशी झाले, ही श्रद्धा होय. 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती पुस्तिकेतही प्रभूच्या दिवशी एकत्र येऊन भाकर मोडण्याचा आदेश आहे.

रोमन साम्राज्यात रविवार हा त्या काळी सुट्टीचा दिवस नव्हता. दास, मजूर व कारागीर यांना दिवसभर काम करावे लागे. त्यामुळे सभा काम सुरू होण्यापूर्वी पहाटे किंवा काम संपल्यावर सायंकाळी भरत. बिथुनिया-पंत या प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी याने इ.स. ११२च्या सुमारास सम्राट ट्राजानला पाठवलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी सूर्योदयापूर्वी जमून ख्रिस्ताचे स्तवन करतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न घेतात, असे कळवले आहे. खाजगी संघटनांवर बंदी आल्यानंतर त्यांनी हे दुसरे एकत्र येणे बंद केले, असेही त्यात नमूद आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या काळी, प्रभुभोजनाचा विधी सकाळी करण्याची रीत रूढ झाली होती.

जमण्याची जागा

पहिल्या दोन शतकांत सभा मुख्यतः सभासदांच्या घरी भरत. सिरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले घर तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात उपासनेसाठी बदलून घेतलेले होते. हे शहर इ.स. २५६च्या सुमारास नष्ट झाल्यामुळे त्या घराचे अवशेष मातीखाली सुरक्षित राहिले.

उद्देश

आद्य लेखनात प्रभुभोजनाची पुढील प्रयोजने आढळतात.

स्मरण व उपकारस्तुती: येशूच्या मृत्यूचे स्मरण, त्याच्या पुनरागमनाची प्रतीक्षा आणि सृष्टी व तारण यांबद्दल देवाचे आभार.

ऐक्य: एका भाकरीत सहभागी होणारे अनेकजण एक शरीर होतात, असे पौलाचे प्रतिपादन आहे. दिदाखेमधील प्रार्थनेत डोंगरांवर विखुरलेले धान्य एका भाकरीत एकत्र येण्याचा दाखला मंडळीच्या एकत्रीकरणासाठी दिला आहे.

परस्पर साहाय्य: जस्टिन मार्टर याने इ.स. १५५च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या समर्थनग्रंथात रविवारच्या सभेचा क्रम दिला आहे. प्रेषितांच्या आठवणींचे किंवा संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे वाचन, अध्यक्षाचा उपदेश, उभे राहून प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांबद्दल उपकारस्तुती व मग वाटप, असा तो क्रम आहे. अनुपस्थितांचा वाटा सेवकांच्या हाती त्यांच्या घरी पाठवला जाई. ऐपतदार लोक स्वेच्छेने देणगी देत व तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे लोक यांची काळजी घेतली जाई.

करिंथमधील भेदभाव

आरंभी हा विधी पूर्ण जेवणाचा भाग होता. करिंथ येथे काही जण इतरांची वाट न पाहता आपले अन्न आधीच खात. त्यामुळे काही भुकेले राहत, तर काहींना मद्य चढे. उशिरा येणारे हे दास व श्रमिक असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना लाजवणे म्हणजे मंडळीचा अवमान होय, अशा शब्दांत पौलाने त्याचा निषेध केला आणि असे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असे सांगितले. जेवणासाठी एकत्र येताना एकमेकांची वाट पाहावी, ही त्याची सूचना होती.

पुढे प्रभुभोजनाचा विधी आणि 'प्रीतिभोजन' म्हणून ओळखले जाणारे सामुदायिक जेवण वेगळे झाले. टर्टुलियनने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस प्रीतिभोजनाचे वर्णन करताना त्यातून गरिबांना मदत होते, यावर भर दिला. चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने उपासनागृहात प्रीतिभोजन करण्यास मनाई केली.

छळ व मान्यता

भोजनाची सभा बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी खुली नसल्यामुळे ख्रिस्ती लोक नरमांस खातात, अशा अफवा पसरल्या होत्या. सम्राट डायोक्लेशनच्या काळात इ.स. ३०३मध्ये उपासनेच्या सभांवर बंदी घालण्यात आली. पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना रविवारची सभा भरवल्याच्या आरोपावरून अटक झाली. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१३मध्ये धर्मस्वातंत्र्य दिले व इ.स. ३२१मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला. त्यानंतर सभा घरांतून मोठ्या उपासनागृहांत गेल्या.

मराठी ख्रिस्ती समाजात

मराठी बायबलमध्ये या विधीतील अन्नासाठी 'भाकर' हा नित्याच्या जेवणातील शब्द वापरला आहे. मराठी समाजात कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या पंक्तीस बसावे हे जातीवरून ठरत असल्यामुळे एकाच भाकरीचे व एकाच प्याल्याचे सेवन ही धार्मिक कृतीइतकीच सामाजिक कृतीही ठरली. भारतातील मिशनांमध्ये याविषयी एकमत नव्हते. दक्षिणेतील काही मंडळ्यांमध्ये जातीप्रमाणे वेगळे बसण्याची व प्रभुभोजन वेगवेगळे घेण्याची प्रथा होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३मध्ये ती बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथील अनेक सभासदांनी त्यास विरोध केला.

बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१मध्ये सुरू झाले. ब्राह्मण कुटुंबातील हरी रामचंद्र खिस्ती यांचा १८३९मध्ये बाप्तिस्मा झाला व पुढे ते तेथील मंडळीचे पाळक झाले. नंतरच्या काळात मंडळीत महार व मांग समाजांतील सभासदांची संख्या मोठी झाली. निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या मराठवाड्यात, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मगुरू नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण होते, तर वसाहतीतील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. अशा मंडळ्यांत पाळक व सभासद एकाच मेजाभोवती येत.

बाप्तिस्म्याने जेवणाच्या सवयी लगेच बदलत नसत. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी त्यानंतरही काही काळ आपले सोवळेओवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला होता. हे बंधन मनातून कसे सुटत गेले, याचा वृत्तान्त त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. त्यांचा बाप्तिस्मा १९००मध्ये झाला.

सद्यस्थिती

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३मध्ये लोकभाषांच्या वापरास संमती दिल्यानंतर महाराष्ट्रातील कॅथलिक धर्मग्रामांत मिस्सा मराठीतून होऊ लागली. प्रोटेस्टंट पंथांतील सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यामुळे पूर्वी वेगवेगळ्या मिशनांच्या शिस्तीखाली असलेले सभासद एकाच मंडळीचे झाले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, होते, तर कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा प्रत्येक रविवारी व बहुतेक ठिकाणी इतर दिवशीही होते. काही मंडळ्यांत मद्याऐवजी द्राक्षांचा रस आणि एका प्याल्याऐवजी छोटे स्वतंत्र प्याले वापरले जातात.