क्लचचे पेडल गेले, त्यानंतर

मोटारगाडीचा इतिहास सांगताना लोक एंजिनाचे गुणगान करतात; क्लचची आठवण त्यांना तो बिघडला म्हणजेच होते. वास्तविक एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेली ही चकती नसती, तर एंजिन चालू ठेवून गाडी उभी करणेही साधले नसते. चकतीवरचा स्प्रिंगचा दाब काढून घेण्याचे काम अनेक दशके चालकाच्या डाव्या पायाकडे होते. हा पाय नुसता दाबत नसे, तो पारखही करी. पेडल आरंभी सुमारे इंचभर मोकळे जाई. चकती झिजू लागली की हे मोकळेपण घटे, आणि जाणत्या चालकाला ते तळपायालाच समजे. मग गाडीखाली निजून एक नट दोन-चार आटे फिरविला की काम भागे.

या पायाला रजा देण्याची खटपट जुनी आहे. श्वाइनफुर्टच्या फिख्टेल उंट झाक्स या जर्मन कारखान्याने १९५०च्या दशकात ‘झाक्सोमाट’ काढला. त्यात गिअरच्या दांड्याला हात लागताच एंजिनातील निर्वात क्लच सोडवी. फोक्सवॅगन, ओपेल, साब अशा अनेक गाड्यांवर तो मिळे. पण सर्वच गाड्यांतून पेडल त्याने हद्दपार केले नाही.

पुढे घड्याळवाले निकोलस हायेक यांनी डायम्लर-बेन्झशी हातमिळवणी केली, आणि १९९८ साली फ्रान्समधील आंबाख येथून अडीच मीटर लांबीची, दोन आसनांची ‘स्मार्ट’ बाहेर पडली. तिला सहा गिअर होते, क्लचही नेहमीचाच कोरडा होता; पेडल मात्र नव्हते. पायाच्या जागी आली एक विजेची छोटी मोटार. तिच्यातून निघालेली दांडी क्लचच्या तरफेला ढकलते. हाच ॲक्च्युएटर.

पण श्रोतेहो, पाय गेला तरी झीज कुठे गेली? हे यंत्र गाडीच्या मागील भागात, खाली, रस्त्याची धूळ आणि पाणी खात बसलेले असते. दांडीचे टोक तरफेच्या खळग्यात घासते, कोरडे पडते, गंजते. मग गिअर बदलताना गाडी अडखळते, आणि एके दिवशी गिअरच्या आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा उमटतात. पायाने जे महिनोन्‌महिने आधी सांगितले असते, ते आता इतके उशिरा कळते. यावर पुष्कळदा अख्खे यंत्र बदलण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते तो ऐकण्यापूर्वी एक सुट्टीची सकाळ त्यावर खर्चावी.

बॅटरीची तार काढावी. गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खालचे आच्छादन काढले की यंत्र दिसते. ते तीन बोल्टांवर बसविलेले असते, आणि त्या बोल्टांची भोके लांबट असतात. त्या लांबटपणातच सारी मेख आहे, कारण त्यामुळे यंत्र पुढे-मागे सरकविता येते. दांडीचे टोक आणि खळगा पुसून स्वच्छ करावे, बोटाच्या टोकाएवढे ग्रीस लावावे, आणि दांडी तरफेला अलगद टेकेल एवढेच यंत्र सरकवून बोल्ट आवळावेत. येथे जोर नको, अदमास हवा. दांडी रेटून बसली तर क्लच अर्धवट दबून राहतो आणि चकती घसरून जळते. फार दूर राहिली तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर पडत नाही. जुन्या पेडलाचे इंचभर मोकळेपण सांभाळताना जी दृष्टी लागे, तीच येथे लागते.

एक काम मात्र पान्याने होत नाही. क्लच नेमका कोठे पकडतो हे गाडीतील संगणकाला नव्याने शिकवावे लागते; त्यासाठी गॅरेजमधील निदानयंत्र जोडून घेणे बरे.

आपल्याकडे छोट्या गाडीत नेहमीचा क्लच असा पेडलावाचून चालताना सर्वसामान्य ग्राहकाने पाहिला तो २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओत. तिच्यात क्लच तेलाच्या दाबाने सरकतो, म्हणून वरील तीन बोल्टांची युक्ती तेथे लावू नये.